ऑर्विनचा होस्टा

आमच्या मिनेसोटात मे महिन्यावर विश्वास ठेवणारा माणूस मूर्खच. बागेतल्या होस्टाची, त्या रुंद पानांच्या शोभेच्या रोपाची, कोवळी पानं नुकतीच उलगडतात आणि शनिवारी रात्री दहिवर गोठतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका जुन्या चादरी घेऊन वाफ्यात.

रविवारी चर्चमध्ये आर्डिसने मला कोपऱ्यात ओढलं. "मर्लिस, डेल्मरने ऑर्विनच्या रोपावर विष मारलं."

ऑर्विन तिचा नवरा, गेल्या वर्षी गेला. बियांतून आलेला प्रत्येक होस्टा वेगळा निघतो, त्यामुळे त्याने बी पेरून वाढवलेला तो होस्टा जगात एकच होता.

"दहिवराने गेला असेल गं."

"चादर घातली होती ना! सकाळी चादर जागच्या जागी, आणि पानं जळालेली. बाकीचे सगळे टवटवीत. कुंपणापलीकडे कोण राहतो? तणनाशकाचा पंप कोणाकडे आहे?"

संशय बिनबुडाचा नव्हता. डेल्मर सकाळपासून नजर चुकवत होता. आर्डिसने हे आणखी कितीजणींच्या कानात घातलं होतं, देव जाणे.

दुपारी मी रोप बघायला गेले. पाठोपाठ आर्डिसने डेल्मरलाही बोलावून घेतलं, आरोपीसारखं.

"बघ, तुझे प्रताप!"

तो टोपी कुरवाळत उभा राहिला.

मी वाकले. तणनाशकाने पानं पिळवटतात. इथे देठ सरळ होते. फक्त वर आलेली टोकं कागदासारखी पांढरी पडली होती. खालची पानं हिरवीगार.

"आर्डिस, याच्यावर प्लॅस्टिक घातलं होतंस का?"

"मला काय खुळी समजलीस? प्लॅस्टिक टेकलं की पान गारठून जळतं, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं!"

"मी नव्हतो जाणत," डेल्मर म्हणाला.

आम्ही दोघी वळलो.

"वाऱ्याने चादर उडाली होती. तुझे दिवे बंद होते. माझ्याकडे गाडीवरचं प्लॅस्टिक होतं, तेच घातलं. उजाडताना काढलं आणि तुझी चादर परत ठेवली."

"मग बोलला का नाहीस? तोंडात मूग धरले होतेस का?"

"विष म्हणालीस, तर मी नुसता दुष्ट ठरलो. खरं सांगितलं असतं, तर ऑर्विनचं रोप त्याच्याच मित्राच्या हातून गेलं, हे कबूल करावं लागलं असतं."

"मेलं नाही रे ते," मी म्हटलं. "मूळ शाबूत आहे. महिन्याभरात नवी पानं येतील."

डेल्मरने मान हलवली, पण त्याचा चेहरा उजळला नाही. "आज चर्चमध्ये प्रार्थनेनंतर माझ्या टेबलावर कोणी कॉफी प्यायला बसलं नाही," तो हळूच म्हणाला.

आर्डिसचा चेहरा उतरला. मला तिची कीव आली आणि रागही. तिने एप्रन सोडून कुंपणावर टाकला.

"संध्याकाळी चर्चमध्ये जेवण आहे. तू माझ्याशेजारी बसायचंस. आणि आधी उभी राहून मी बोलणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं."