काडाच्या गाठींची भिंत

माझं तोंड फाटकं, हे गिरणाकाठच्या आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. अठ्ठ्याऐंशीच्या चैत्रात घुशींनी पाया पोखरून माझी पश्चिमेची भिंत भरदुपारी बसली, तेव्हा गल्लीतल्या दोघीचौघींना मनातून बरंच वाटलं असेल. वरचं मातीचं छत, धाबं, लाकडी खांबांवर होतं, म्हणून तेवढं वाचलं.

पण मला भिंतीचं दुःख नव्हतं. माझी एकुलती एक लेक सुमन बाळंतपणाला साक्रीहून यायची होती. याआधी दोनदा तिचं पोट रिकामं झालेलं. वैशाखात दिवस भरत होते. विहीणबाईंनी निरोप धाडला, पश्चिमेला भिंत नाही, त्या उन्हात सून कशी पाठवू? त्यांचं काही चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्त राग आला. मातीची भिंत थराथरानं चढते, एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालता येत नाही. दीड महिना लागणार होता आणि हातात होते वीस दिवस.

तिसऱ्या दिवशी चुडामणभाऊ दारात उभे राहिले. या माणसानं धरणगावच्या जिनात तीस वर्षं कापसाच्या गाठी दाबल्या. पाच वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या रुपचंदसाठी सुमनला मागणी घातली होती. नाही म्हणायचं तर साधं म्हणावं. मी चारचौघांत म्हणाले, हमालाच्या घरात पोर द्यायला ती मला जड झालेली नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पुढे त्यांचं जिन बंद पडलं, रुपचंद सुरतेला गेला.

"वयनी, माटीनी भित वाळाले येळ लागी," ते म्हणाले. "काडन्या गाठी बांधसूत. आठ दिनमां भित उभी व्हई."

"काडनी भित? आनि पेटनी म्हंजे?" माझं तोंड काही गप्प बसलं नाही.

त्यांनी चुलीतला निखारा मागितला. सोबत आणलेल्या एका गाठीवर ठेवला. गाठ तेवढ्यापुरती काळी पडली आणि विझली. "मोकळं काड पेटस. दाबेल गाठमां वाराच जास नही," ते म्हणाले आणि गल्लीकडे तोंड करून ओरडले, "बठ्ठा जन या रे! सुमननं बाळंतपण शे!"

आणि आले की सगळे! ज्यांच्याशी मी नळावर भांडले, त्या कलाबाईंनी झोडपलेल्या गव्हाचं लांब काड भारेच्या भारे दिलं. चुडामणभाऊंनी फळ्यांची पेटी ठोकली. तळाला दोऱ्या, वर काड, त्यावर दोघं चढून पायानं तुडवायचं, मग दोऱ्या ओढून गाठ मारायची. ती गाठ मात्र ते दुसऱ्या कुणाला मारू देत नसत. घुशींसाठी खाली दीड हात दगडी जोतं घेतलं. त्यावर विटांसारख्या गाठी रचल्या, मध्ये बांबू ठोकले आणि दोन्ही अंगांनी कालवलेल्या मातीचा गारा थापला. गारा थापणं माझं काम. तीन बाजूंच्या जुन्या भिंती माझ्याच हातच्या होत्या; त्यांच्या कोपऱ्यांशी ही नवी भिंत मी अशी सांधली की जोड शोधून सापडला नसता. अकराव्या दिवशी साक्रीला निरोप गेला.

सुमन आली. वैशाख वद्य पंचमीला मुलगा झाला. बाहेर शेजारच्या घरांचे पत्रे तापून कडकड वाजत होते. मी पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावला, तर भिंत माठासारखी गार. त्या भिंतीशी झोळी बांधली. पोरगं दुपारभर गाढ झोपायचं आणि मी त्याच्याकडे बघत रडायचे.

सव्वा महिन्यानं बाळाला पहिल्यांदा बाहेर काढतात ते देवाला. मी मात्र त्याला घेऊन आधी चुडामणभाऊंच्या ओट्यावर गेले. काय काय बोलायचं ते रस्ताभर घोकलं होतं. बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यात पहिल्यांदाच.

त्यांनी बाळाचं कपाळ हातानं चाचपलं, कारागीर काम तपासतो तसं. मग विचारलं, "दुपारले निजस का?"

"तीन-तीन तास निजस," मी म्हणाले. "भाऊ, मी तुम्हांले नको ते बोलनू व्हतू. चुकनं मनं."

बाळाच्या तोंडावर ऊन येत होतं, म्हणून ते तेवढे सरकून बसले.