खिडकीखालचा धूर

मित्रांनो, मी सिगारेट ओढणारे एक जुने यंत्र आहे. दर मिनिटाला दोन सेकंदांचा एक झुरका, हेच माझे काम. मधल्या अठ्ठावन्न सेकंदांत मला चैन पडत नाही.

कारखान्यात मला दट्ट्या आणि काचेच्या नळ्या बसवल्या आणि मी या प्रयोगशाळेत आलो. माझ्या डावीकडे धुराची बशी, उजवीकडे नळीतून येणाऱ्या स्वच्छ हवेची. दोन्हींत माणसाच्या श्वासनलिकेच्या पेशी. संशोधक बाई त्यांना चार आठवडे लेकरांसारखे जपतात, तेव्हा कुठे त्यांच्यावर बारीक केस उगवतात. हे केस सतत हलून श्वासातली घाण बाहेर लोटतात.

धुराच्या बशीतले केस मंदावले तेव्हा माझे कौतुक झाले. पण मग उजव्या बशीतलेही मंदावू लागले. तीनदा तेच. दोन्ही बशा सारख्याच, तर तुलना कशाशी करायची? बाईंची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. मला कारण ठाऊक होते. रोज अकराच्या सुमारास उजव्या नळीतून ओळखीचा वास यायचा. पण माझे तोंड फक्त ओढण्यासाठी.

शेवटी बाईंनी त्या नळीतला हवा गाळणारा कापूस काढून पाहिला. तो पिवळा पडला होता. शेजारी बशा धुणारे मामा उभे होते. "तुझी चैन आहे, तुला फुकट मिळते," अशी माझी रोज थट्टा करणारे मामा तो कापूस पाहून पुढे आले.

"बाई, या नळीचं दुसरं टोक खिडकीबाहेर आहे ना? मी तिथंच खाली उभा राहून ओढतो. आत धूर नको म्हणून."

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मामांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले. मामा ते हलणारे केस बराच वेळ पाहत राहिले.

"हे असलं माझ्याही आत आहे?"

"होतं," बाई म्हणाल्या. मग चूक दुरुस्त करावी तशा म्हणाल्या, "असेल."

नळी छतावर नेली, प्रयोग पुन्हा मांडला. उजव्या बशीतले केस नीट हलले. बाईंचे काम वाचले.

मामा आता खिडकीखाली नसतात. सिगारेट सोडली की ओढायला फाटकापाशी जातात, मला कळत नाही. जिन्यावरचा त्यांचा खोकला मात्र मी मोजतो. काल सात वेळा. आज ते अजून आलेले नाहीत.

माझा दट्ट्या डगमगतो, नळ्या दोनदा बदलल्या. पुन्हाही बदलतील, माझे सुटे भाग मिळतात. मिनिट भरत आले आहे, मित्रांनो. हे ओढायचे काम माझ्याकडेच राहू द्या.