माशी न बसणारे बोंबील

बाजारचा दिवस उजाडला की लंकाबाईचं डोकं ठणकायला लागायचं, आणि त्या ठणक्याचं नाव होतं छबूबाई.

छबूबाई तिची धाकटी जाऊ. दोघींच्या चुली कधीच्या वेगळ्या झालेल्या, पण धंदा एकच: कोपरगावच्या बाजारात सुकट-बोंबील विकायचे. मुंबईहून माल आला की दोघी एकाच व्यापाऱ्याकडं जायच्या, एकाच ढिगातून उचलायच्या आणि बाजारात शेजारी शेजारी बसायच्या. आणि तरीही लंकाबाईच्या पाटीवर माशांचं मोहोळ उठायचं, छबूबाईच्या पाटीवर एक माशी बसेल तर शपथ! लंकाबाई हात दुखेस्तोवर फडकं हलवायची. छबूबाई आपली पान चघळत, गिऱ्हाइकांची थट्टा करत, पाय पसरून बसायची. जणू माशांनाही तिनं दरडावून ठेवलं होतं.

गिऱ्हाईक काय, डोळ्यांनी खातं. लंकाबाईची वर्षानुवर्षांची बांधलेली माणसं तिच्यासमोर येऊन थबकायची, नाकाला पदर लावायची आणि दोन पावलं पुढं सरकायची. तो दोन पावलं सरकतानाचा चपलांचा आवाज लंकाबाईच्या काळजावर उमटायचा. घरी येऊन ती नवऱ्यावर, म्हणजे सूर्यभानवर, तवा आपटल्यासारखी आदळायची. तो बिचारा म्हणायचा, अगं, तुझी जाऊच आहे ती, परकी थोडीच. तेच तर दुखणं होतं. परकीची बरकत बघून माणूस मान वळवतं. जावेपासून कुठं वळवायची, भिंत एकच.

त्यात थोरली लेक राही पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. तिला डोहाळे कसले, तर भाजलेल्या बोंबलाचे. आईच्या पाटीतला बोंबील तिच्या हातात दिला तर पोरगी म्हणाली, "आये, काकूकडचा आन की. त्यो कसा सोच्छ असतो."

लंकाबाई त्या दिवशी जेवली नाही.

राहीला छबूबाईनंच कडेवर वाढवलं होतं. तिला स्वतःचं लेकरू नव्हतं, त्यामुळं राही म्हणजे तिचा जीव. परसातून हळूच बोंबलांची जुडी यायची, चुलीत भाजली जायची, आणि राही आईकडं पाठ करून मिटक्या मारायची. आपल्या घरात, आपल्या चुलीवर, आपली लेक जावेचा माल खाते, यापरीस मोठा अपमान लंकाबाईला ठाऊक नव्हता.

त्यातच आखाड तोंडावर आला होता. आखाड म्हणजे सुकट-बोंबीलवाल्यांची दिवाळी. पुढं श्रावण लागला की लोक मासळीला शिवत नाहीत, म्हणून आधीच महिनाभर पोटभर खाऊन घेतात. यंदा आखाड छबीला जाऊ द्यायचा नाही, असं लंकाबाईनं ठरवलं आणि जावेवर पाळत ठेवली.

फार दिवस लागले नाहीत. बाजाराला निघायच्या आधी छबूबाई परसात पाटी उतरवून बसली, कनवटीची पुरचुंडी काढली आणि सत्यनारायणाच्या प्रसादावर तूप सोडावं तशी हलक्या हातानं बोंबलांवर झटकली. पांढरी भुकटी उडाली. कुडाच्या फटीतून बघणाऱ्या लंकाबाईनं वासावरनं ओळखली. ढेकणांना मारायची डीडीटी. छबूचा नवरा मच्छिंद्र मळ्यावर कामाला होता, तिथून सहज आणली असणार.

कुणाला वाटेल, लंकाबाईला राग आला. छे. ती हरखली. एवढंच होतं होय? मग आपण छबीच्या दुप्पट टाकू! तिनं सूर्यभानला पिटाळलं, चांगली ओंजळभर पावडर मागवली, जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधली आणि बाजाराची वाट बघत उंबऱ्याशी ठेवली.

दवाखान्यातल्या नर्स मरियाबाई राहीला तपासायला आल्या त्या नेमक्या त्याच दिवशी. पुरचुंडीला त्यांचा पाय लागला. हे काय म्हणून त्यांनी विचारलं, आणि लंकाबाईनं अभिमानानं सांगून टाकलं. नुसतं आपलं नाही, छबूचंही सांगितलं, थोडं तिखटमीठ लावून.

मरियाबाई मटकन खाटेवर बसल्या. त्या नर्सिंग शिकायला मोठ्या शहरात गेल्या होत्या, तिथं डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी समजावून सांगितलं. ढेकूण लगेच मरतो, माणूस मरत नाही, म्हणून आपल्याला वाटतं काही होत नाही. पण हे विष अंगाबाहेर पडतच नाही म्हणा ना. थोडं थोडं चरबीत साठत जातं, वर्षानुवर्षं.

"धुतलं म्हंजी?" लंकाबाईनं विचारलं.

"पाण्यात विरघळत नाही ते. भाजूनही भरवसा नाही." मग राहीकडं बघून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आणि आईच्या दुधातनं बाळाच्या पोटात जातं."

खरं सांगायचं तर लंकाबाईच्या मनात पहिल्यांदा उकळी फुटली ती आनंदाची. सापडली छबी! आता बाजारभर हिचे वाभाडे काढते. पण डोळे राहीच्या पोटावर गेले आणि ती उकळी जागच्या जागी गार पडली. तिनं राहीच्या हातातला अर्धा बोंबील ओढून घेतला.

तरी खोड जाते कुठं? बाजारच्या दिवशी ती सगळ्यांसमोर उभी राहिली आणि ओरडून सांगितलं की छबूच्या बोंबलांवर ढेकणांची पावडर हाय, खाऊ नका. लोक हसले. रंगुबाई म्हणून एक जुनं गिऱ्हाईक होतं, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लंके, लई जळतीस गं. पानी पी जरा." आणि मुद्दाम छबूकडून दोन जुड्या जास्त घेतल्या. खरं बोलूनही खोटं पडायचं, असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. इतकी वर्षं तिनं छबूच्या नावानं बोटं मोडली होती, मग आज कुणी का विश्वास ठेवावा?

बाजार उठल्यावर ती जावेच्या परसात गेली. छबूबाई रिकामी पाटी झाडत होती. वर बघितलंच नाही.

"आता काय ऱ्हायलंय?" छबूबाई म्हणाली. "चारचौघांत अब्रू काढली की माझी."

लंकाबाईनं मरियाबाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

"पावडर बंद केली म्हंजी माशा येनार, अन् आखाडाचं गिऱ्हाईक तुमच्याकडं येनार. कळत न्हाई व्हय मला? तुमी जळता माज्यावर, आक्का."

"जळते," लंकाबाई म्हणाली. "व्हय, जळते. रोज जळते. पोरगी तुज्या हातचं खाती तवा तर लईच जळते. पर त्ये विष तिच्या दुधात उतरंल, छबे. मी न्हाई बसत बाजारात. सगळा आखाड न्हाई बसत. गिऱ्हाईक सारं तुजं. पर ती पावडर टाकू नको."

छबूबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. थोरल्या जावेनं आखाड सोडायचा म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला कळणार? तिनं पाटी खाली ठेवली. मग एकच विचारलं, "राहीनं किती खाल्लं असंल वो आक्का, माज्याकडचं?" आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. कनवटीची पुरचुंडी आणि लंकाबाईच्या उंबऱ्याशी ठेवलेली पावडर दोघींनी मिळून परसात खोल पुरली. ती तिथं पुरूनही जात नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मरियाबाई ओरडल्या तेव्हा कळलं.

आखाडाच्या पहिल्या बाजारी लंकाबाई घरात बसली. बसली कसली, येरझारा घातल्या. मनात म्हणत होती की आता कळंल छबीला. पावडरीवर चाललं होतं दुकान. आता फडकं हलवताना नाकी नऊ येतील आणि अर्धी पाटी परत येईल. या विचारावर तिनं दिवस काढला.

दिवेलागणीला छबूबाई आली. पाटीच्या कडांना माशा अजून चिकटलेल्या होत्या, म्हणजे शब्द पाळला होता. पण पाटीत एक बोंबील उरला नव्हता. माशांनी जीव खाल्ला, ती हसत सांगायला लागली, पण गिऱ्हाईक हटलं नाही. मी म्हटलं, माशीला कळतं चांगलं काय ते, तुमाला कसं कळत न्हाई? लोक हसले आणि घेऊन गेले.

म्हणजे गिऱ्हाईक ओढणारी पावडर नव्हतीच. ती तिची जीभ होती, तो तिचा मोकळा चेहरा होता, आणि ते काही पुरचुंडीत बांधून मिळणारं नव्हतं. लंकाबाई पुन्हा जळली, आणि या खेपेला तर जावेला नाव ठेवायलाही जागा उरली नाही.

"बरं झालं," ती म्हणाली. चूल पेटवून जावेला चहा करून दिला.

साखर घालायची तेवढी राहिली.