उद्याकाकांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझी बिजागरी कुरकुरते, झाकणाचा एक कोपरा उंदरांनी खाल्ला आहे, आणि तरीही आज मी थोडी फुशारकी मारणार आहे. ऐकून घ्या.

एका सुताराने मला यहुद्यांच्या प्रार्थनाघरासाठी बनवले, चांगले वासरू मावेल एवढी मोठी. यहुदी माणूस देवाचे नाव असलेला कागद फेकत नाही की जाळत नाही. प्रार्थनेचे पुस्तक फाटले की ते पेटीत ठेवतात आणि पेटी भरली की सगळे कागद मानाने जमिनीत पुरतात. तोवर त्यांनी माझ्या पोटात राहायचे. मागच्या खोलीत, खिडकीखाली माझी जागा होती. मला या कामाचा भारी अभिमान होता.

माझी देखभाल राखणदार काकांकडे होती. माणूस मनाने सोन्यासारखा, पण कुठलेही काम आज करायचे म्हटले की त्यांची कंबर धरायची. "काका, कागद कधी पुरायचे?" कोणी विचारी. "उद्या पुरू की," काका म्हणत. त्यामुळे सगळे त्यांना उद्याकाकाच म्हणू लागले.

दर रविवारी याच खोलीत दवाखाना भरे. गावाबाहेरच्या खाणीत दगड फोडणारी माणसे तिथे येत. खाणमालक त्यांना ना रजा देई, ना हातात एखादा कागद. म्हातारे डॉक्टर त्यांना फुकट तपासत. चिठ्ठीवर सगळ्यात वर लिहीत, 'देव बरे करो', आणि खाली माणसाचे नाव, वय, वस्ती आणि तारीख. औषध दिले की चिठ्ठीचे काम संपे. मग उद्याकाका ती उचलून हळूच माझ्यात टाकत.

प्रार्थना चालवणाऱ्या गुरुजींनी एकदा त्यांना हटकले. "अहो काका, तो नियम आपल्या पवित्र लिपीसाठी आहे. या खोकल्याच्या चिठ्ठ्या कशाला साठवताय?"

"देवाला काय एकच लिपी वाचता येते, गुरुजी?"

गुरुजी हसून निघून गेले. मला मात्र राग आला होता. कुठे माझी प्रार्थनेची पुस्तके आणि कुठे या खरजेच्या, जुलाबाच्या चिठ्ठ्या! आता त्या रागाची लाज वाटते.

डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी दवाखाना पाहू लागली. या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याला जोडून खाणीतल्या बायका-मुलींसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्गही काढला. "आपण मूठभर माणसं, आपण आपलं बघावं," असे काहीजण कुरकुरले. बाई म्हणाल्या, "आपले पूर्वज परक्या राज्यात गुलाम होऊन विटा वाहत होते, हे आपण दर वर्षी सणाला वाचतो. वाचून नुसतं पुस्तक मिटायचं का?" त्यानंतर कुरकुरणाऱ्यांनीच बाके आणून दिली.

एका शुक्रवारी दुपारी थोरली धापा टाकत आली. थोरली म्हणजे खाणीतल्या बायकांची पुढारी. मालकाला वस्तीखालचा दगड हवा होता. 'ही माणसे गेल्या वर्षी आली आहेत,' असे त्याने सरकारी कचेरीत सांगितले होते. वीस वर्षे राहत असल्याचा पुरावा सोमवारी दाखवा, नाहीतर घरे पाडू, असा हुकूम निघाला होता.

"माझी तिन्ही लेकरं तिथंच जन्मली, बाई. पण कागद? आम्हाला कागद कोण देतं?"

डॉक्टरीणबाई मटकन माझ्यावरच बसल्या. "बाबांच्या चिठ्ठ्या असत्या तर काम झालं असतं. त्यांवर नाव, तारीख, सगळं असायचं. पण त्या कधीच मातीत गेल्या असतील."

दारात उद्याकाका खाकरले. त्यांचा चेहरा चोरासारखा झाला होता. "रागावू नका, बाई. पुरायचं राहूनच गेलं. तुम्ही त्यांच्यावरच बसलाय."

बाई ताडकन उठल्या. झाकण उघडले आणि बावीस वर्षांचा आळस उजेडात आला. बाई हसता हसता रडू लागल्या. काका मात्र अजून बोलणी खायच्या तयारीतच उभे होते.

मग माझ्याभोवती नुसती जत्रा भरली. गुरुजींनी बाह्या सरसावल्या. पवित्र पाने एका स्वच्छ चादरीवर ठेवली, चिठ्ठ्या दुसरीवर. एकेक चिठ्ठी वाचून यादीत उतरवायची होती. "वय चार, पोटात जंत," गुरुजींनी वाचले, आणि थोरली म्हणाली, "अगं बाई, हा तर आमचा पहिलवान." सगळी खोली हसली.

सूर्य मावळतीला आला. शुक्रवारी सूर्य मावळला की यहुद्यांचा शब्बाथ सुरू होतो आणि मग लिहायचे नसते. यादी निम्मीच झाली होती. गुरुजींनी एकदा खिडकीकडे, एकदा चिठ्ठ्यांकडे पाहिले आणि जड मनाने पेन खाली ठेवले. कोणी काही सांगायच्या आत थोरलीच्या मुलीने ते उचलले.

"तुम्ही जा प्रार्थनेला," ती म्हणाली. "आमची नावं आम्ही लिहितो."

त्याच वर्गात शिकली होती ती. बाकीच्या पोरीही सरसावून बसल्या. एका बाजूने प्रार्थनेचे सूर येत होते, दुसऱ्या बाजूने खाणीतली नावे. इतकी भरलेली मी आयुष्यात कधी नव्हते, आणि तेव्हा तर माझ्या पोटात एकही कागद नव्हता.

सोमवारी कचेरीतला अधिकारी दुपारपर्यंत चिठ्ठ्या उलटत राहिला. घरे राहिली. थोरली बातमी घेऊन आली. ती माझ्यावर बसून नुसती हसत सुटली.

नंतर फाटकी पाने मानाने पुरली गेली. वस्तीत शाळेची खोली उभी राहिली, आणि सगळ्यांचे कागद ठेवायला वस्तीने मलाच मागून घेतले. "पेटी उद्या पाठवाल ना, काका?" बाईंनी विचारले.

"उद्या कशाला?" काका म्हणाले, आणि कंबर विसरून त्यांनी हातगाडी आणली.

मित्रांनो, आता मी त्या शाळेत असते. मुलांनो, माझ्या बिजागरीला कधीमधी तेल घाला, एवढे माझे मागणे आहे. आणि कुठलाही चिठोरा फेकण्याआधी तो एकदा वाचत जा. उद्याकाका प्रत्येक चिठ्ठीवरचे वरचे नाव जपत होते. खालचे नाव त्याच्याबरोबरच जपले गेले.