गुहेबाहेरचा आरसा

मी एक जुना आरसा आहे, मित्रांनो. एका कोपऱ्याचा पारा उडालेला, चौकट खिळ्यांनी सांधलेली. मूळचा मी कपाटाच्या दाराचा. कपाटाला वाळवी लागली आणि डोंगरातल्या गुहेवरच्या पहारेकरी काकांनी मला उचललं. देवाची करणी बघा, ज्याने जन्मभर लोकांचे भांग बघायचे, त्याच्या वाट्याला थेट सूर्यनारायण आला.

त्या मुलखात लोक लांबून येत. जुना दगडी पूल बघत, विणकरांच्या गल्लीत मागांची खटखट ऐकत, पाणथळीतले पक्षी बघून डोंगर चढत आणि शेवटी आमच्या गुहेत शिरत. आत भिंतभर जुनं चित्र : नदी, आणि ती ओलांडणारा हरणांचा कळप. पण काळोख मिट्ट, आणि काजळीने रंग खराब होतील म्हणून कंदिलाला बंदी. मग काका बाहेर मला धरून उभे राहत. माझ्यावरचं ऊन तिरकं आत जाई आणि भिंत उजळे. आत काकू चित्र समजावून सांगत. लोकांची 'वा' आम्हांला बाहेर ऐकू येई.

ऊन सरकेल तसं मला केसभर वळवावं लागे. काकांचा हात असा, की माशी बसली तरी हलायचा नाही. त्याचा त्यांना तोराही होता. मला दुसऱ्याच्या हाती द्यायला ते कधी तयार नसत. त्यामुळे झालं काय, सगळ्यांना चित्र दाखवणाऱ्या माणसाने ते उन्हात कधी पाहिलंच नाही.

मग वीज आली. आत सपाट, पांढरे दिवे लागले आणि मला तिकीटखोलीमागे टेकवून ठेवलं. तिथे एक कोंबडा रोज माझ्यातल्या कोंबड्याशी भांडायचा. तेवढीच काय ती सोबत. काका दिव्यांखाली चित्र बघून आले आणि उतरल्या चेहऱ्याने काकूंना म्हणाले, की एवढ्यासाठी लोक वा म्हणायचे? आपण जन्मभर उगाच उभे राहिलो, हे त्यांच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

नोकरीचा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी दोघं कायमची लेकीकडे निघणार होती. पाहुणे गेल्यावर काकूंनी दिवे मालवले, मला ओढून काढलं, बाहीने पुसलं आणि काकांना आत जायला सांगितलं. काका कुरकुरले, तुला जमायचं नाही, हात कापतो तुझा.

"चहा देते तेव्हा नाही दिसत कापताना? जा आत."

खरं सांगतो, मला धाकधूक होती. ढग येत होते, माझा पारा उडालेला, आणि काकूंचे हात खरंच थरथरत होते. तरी मी सगळं अंग उन्हाला दिलं. आतून आवाज येईना. बराच वेळ येईना. काकू रडकुंडीला आल्या. मग काका गुहेच्या तोंडाशी आले, डोळे भरलेले.

"अगं, नदी वाहते हे तू कधी सांगितलं नाहीस."

"वाहते? माझ्यासमोर तर कधी हलली नाही."

तेव्हा दोघांच्या लक्षात आलं. काकूंच्या कापऱ्या हातांनी उजेड थरथरला होता आणि भिंतीवरचं पाणी चालू लागलं होतं.

काकांनी मला घेतलं आणि काकूंना आत धाडलं. मग ज्या हाताचा एवढा तोरा, तो त्यांनी मुद्दाम हलकेच हलवला. आतून काकूंचं हसू आलं, लहान मुलीसारखं.

मित्रांनो, उजेड माझा नव्हे, देणाऱ्याचा. मी तो फक्त पुढे पाठवतो. माझ्यासारख्या जुन्या वस्तूवर अधूनमधून फडकं फिरवा, एवढं पुरे. पण कधी अशा मुलखात गेलात आणि काही सुंदर पाहिलंत, तर बाहेर कुणीतरी उन्हात उभं असेल. त्याच्याजवळ थांबा, आणि आत काय दिसलं ते त्याला सांगा.