तिसरा रकाना

“तिसरा रकाना कुनाचा?” सयाजीनं कागदावर बोट ठेवून विचारलं.

“तो आपल्या सध्याच्या पद्धतीचा, काका,” राजनंदिनी म्हणाली. “दोन सॉफ्टवेअरची तुलना करायची, तर आत्ता कसं चालतं तेही मांडायला हवं ना?”

सध्याची पद्धत म्हणजे सयाजी स्वतःच. मलकापुरातल्या या दूध कंपनीत तो बारा वर्षं रोज सकाळी फोन लावत होता. मेढ्याला, कुंडलला आणि दूध थंड ठेवणाऱ्या आणखी सात चिलिंग सेंटरांना. दूध किती जमलं, टाकीचं तापमान काय, टँकर आधी कुठं जाणार. सैन्यात सिग्नलला सतरा वर्षं काढलेला गडी. निरोप दिला की समोरच्याच्या तोंडून तो परत वदवून घ्यायचा, मगच फोन ठेवायचा. पोरं वैतागायची. पण बारा वर्षांत टँकर एकदाही भलत्या गावी गेला नव्हता, आणि हे सांगायला सयाजी कधी विसरत नसे.

स्वभावानं मात्र संशयी. दुधानं तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकून पिणारा. मालकांची मुलगी राजनंदिनी पुण्याहून शिकून आली आणि ऑफिसच्या निरोपांसाठी सॉफ्टवेअर घेऊ म्हणाली, तेव्हाच पाणी कुठंतरी मुरतंय हे त्यानं ताडलं. एक आठवडा पहिलं वापरायचं, एक आठवडा दुसरं, मग निवड. पहिल्यात प्रत्येक सेंटरचा वेगळा कप्पा होता, महिन्यापूर्वीचा निरोपही सापडायचा. दुसरं स्वस्त होतं, आणि टाइप करायचा कंटाळा आला तर नुसतं बोलूनही निरोप जायचा.

“पोरगी कवाच पसंत झालीया,” सयाजी बायकोला म्हणाला. “आता नुसतं कांदेपोहे चाललेत.”

“आवं, पन तुमाला काढून टाकलं तर?” लीलाबाईनं विचारलं. रात्रंदिवस त्याच्याही डोक्यात तेच होतं.

अट एकच होती. या दोन आठवड्यांत सयाजीनं फोन करायचा नाही. जे काय ते सॉफ्टवेअरवर.

पहिल्याच दिवशी त्याला खटकला तो अंगठा. निरोप टाकला की मिनिटभरात नऊच्या नऊ सेंटरांकडून अंगठ्याचं चित्र यायचं. इतकी शहाणी पोरं त्यानं आयुष्यात पाहिली नव्हती. म्हणून कुंडलच्या सेंटरवरच्या गुंडाला त्यानं मुद्दाम लिहिलं, ‘उद्या टँकरऐवजी बैलगाडी येईल.’ लगेच अंगठा. दोन दिवसांनी गुंडा ऑफिसात आला, तेव्हा त्यानं त्याला गाठलं.

“बैलगाडीला अंगठा कसा दिलास रं?”

“कसली बैलगाडी?” गुंडा गोंधळला. “आवं आबा, वडीलधाऱ्या मानसानं कायतर धाडलंय, आन् अंगठा न्हाई दिला तर पोराला माज आला म्हनशिला. वाचतो की मागनं, सवडीनं.”

दुसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, मेढ्याचा कॉम्प्रेसर बंद पडला. टाकीत तीन हजार लिटर दूध, आणि तापमान चढत चाललेलं. सयाजीनं टँकरवाल्या दिग्विजयला निरोप टाकला: कुंडल राहू दे, आधी मेढ्याला जा. पस्तीस सेकंदांत अंगठा आला. राजनंदिनीनं ती वेळ टिपूनही घेतली.

सयाजीला बसवेना. वीस मिनिटांनी तो ऑफिसमागं पाण्याच्या टाकीआड गेला आणि स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला.

“दिग्विजय, कुठं हायस?”

“शेणोलीच्या फुडं, आबा. कुंडलला निगालोय की.”

“निरोप वाचलास का?”

“अंगठा दिलता,” दिग्विजय म्हणाला.

“गाडी वळव. मेढ्याला जा. आता तू सांग, मी काय म्हनलो?”

“गाडी वळवायची, मेढ्याला जायचं.” मग आवाज खाली आला. “आबा, मॅडमला कळू देऊ नका. ताकिदीच्या दोन चिठ्ठ्या मिळाल्यात. तिसरी मिळाली की घरी बसायचं.”

दूध वाचलं. आणि आज, शनिवारी, तुलनेचा कागद सयाजीपुढं होता. उत्तर यायला लागणारा वेळ: पहिलं सॉफ्टवेअर पन्नास सेकंद, दुसरं पस्तीस, तिसरा रकाना अकरा मिनिटं.

“मेढ्याचं दूध दुसऱ्या सॉफ्टवेअरमुळंच वाचलं,” राजनंदिनी म्हणाली.

“मॅडम, अंगठा आला म्हंजे निरोप पोचला असं न्हाई. पोरं न वाचताच देत्यात.” त्यानं बैलगाडीचा निरोप दाखवला.

ती हसली. “त्यांना गंमत कळली असेल, काका. खरा निरोप कधी चुकला का? दिवस सांगा, माणूस सांगा. मी आत्ताच्या आत्ता हे सगळं थांबवते.”

ती खोटं बोलत नव्हती. पहिल्यांदाच सयाजीला तिच्यावर शंका आली नाही. नाव अगदी ओठांवर आलं होतं.

“न्हाई,” तो म्हणाला. “मला आपलं वाटलं तसं.”

“तुम्हाला काढणार नाही हं,” ती मनापासून म्हणाली. “गेटवर भरवशाचा माणूस हवाच आहे. आणि तुम्ही तर मिलिटरीतले.”

सयाजीला फार लागलं ते. त्यानं मान हलवली आणि बाहेर आला. दारातच दिग्विजय उभा होता.

“माझं नाव घेतलं?”

“न्हाई.”

“मग तासभर आत काय चाललं हुतं?”

“माझंच. फोनचं काम गेलं. सोमवारपासनं गेटवर.”

दिग्विजय त्याच्याकडं बघत राहिला. “सोताचं काम जाताना तुमी माझं नाव झाकलं व्हय? एवढा साधा न्हाई मी, आबा. असं कोन करतं?”

सयाजीला राग आला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही विश्वास ठेवला नसता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी दिग्विजयचा टँकर गेटवर आला. काच वर होती. त्यानं गेटपास आतूनच काचेला लावून धरला आणि नजर समोर रस्त्यावर ठेवली. सयाजीनं चष्मा पुसून गाडीचा नंबर वहीत उतरवला. गाडी कुठं निघालीय हे विचारणं आता त्याचं काम नव्हतं. त्यानं दोर ओढून आडवा बांबू वर केला, आणि टँकर पुरता बाहेर पडेपर्यंत दोर तसाच घट्ट धरून ठेवला.