बिशपचा पाय

मी बिशप बोलतोय. घोडा आहे, पण नावाप्रमाणे आब राखून आहे. पंचविशी केव्हाच उलटली, गुडघे धरलेत, सकाळी पहिली चार पावलं टाकताना हाडं कुरकुरतात. तरीही या माणसांपेक्षा मी बरा, हे आधीच सांगून ठेवतो.

जन्म ऑस्ट्रेलियातल्या मोनारोच्या पठारावरचा. ग्लेनिस हार्किन नावाच्या बाईने मला शिंगरू असताना घेतलं आणि माझ्या पाठीवर बसून आयुष्यभर गुरं वळली. गुरं म्हणजे मूर्ख जात. ती कुठे पळणार हे आधी मला कळायचं, मग कुत्र्यांना, आणि सगळ्यात शेवटी ग्लेनिसला. धावायचो मी, झिजायचो मी, शाबासकी मात्र तिला मिळायची.

मी म्हातारा झालो तशी तिची माया उतू जायला लागली. दाण्यात हळद घालते. माझे ओठ असे पिवळे होतात की बोहल्यावर चढवायला निघाल्यासारखं वाटतं. थंडीत अंगावर जाड झूल चढवून मला तबेल्यात कोंडायची. एका जागी उभा राहून मी लाकूड व्हायचो आणि ही म्हणायची, "एवढं जपते, तरी कसा आखडलाय बघा!" शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, "अहो, कोंडू नका त्याला. मोकळा सोडा. हालचाल थांबली की सांधे जास्त धरतात." तिलाही तिचा डॉक्टर हेच सांगतो. ती ऐकत नाही, ते सोडा.

फिरायला लागलो, बरं वाटलं. पण घोडं अडलं ते खुरांपाशी.

मर्व्ह डॅबनी आमचा नालबंद. आयुष्यभर वाकून त्याची कंबर कामातून गेलीय, पण ऐट राजाची. स्वतःला फार वाकावं लागू नये म्हणून तो माझा पाय वर ओढून थेट मांड्यांत धरतो. तरुणपणी चालून गेलं. आता माझा गुडघा तेवढा वाकतच नाही. यंदा थंडीच्या तोंडावर खूर कापायला आला, तेव्हा त्याने पाय ओढला, माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी पाय हिसकावला आणि तो शेणात बसला.

"नाटकं करतोय थेरडा!" मर्व्ह ओरडला.

"दुखतंय रे त्याला," ग्लेनिस म्हणाली.

"मलाही दुखतं. मी लाथा झाडतो का?"

लाथ मी मारलीच नव्हती. मारली होती ती फार वर्षांपूर्वी. बरगडी मोडली होती त्याची, आणि तो त्याच लायकीचा होता. खूर न कापताच तो तणतणत निघून गेला.

खूर पुढे वाढले की पावलापावलाला सांध्यांवर ताण येतो. मी ठेचकाळू लागलो. डॉक्टरीणबाई पाय चाचपून म्हणाल्या, "औषध देते. पण खूर कापू देत नसेल, तर याचे हाल करण्यात अर्थ नाही. शुक्रवारी दुपारी येते. तोवर जमलं नाही, तर निरोप देऊ त्याला." ग्लेनिस माझ्या मानेत तोंड खुपसून रडली. मला रडणं आवडत नाही. पण मला मरायचंही नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तिने मर्व्हला बोलावून घेतलं.

"खाली बस," ती म्हणाली. "तो जेवढा उचलेल तेवढ्यात काप."

"घोड्याच्या पायाशी बसू? डोकं फिरलंय का तुझं? लोक हसतील मला."

"इथे आहे कोण हसायला? मी आणि बिशप."

"तोच हसेल आधी. आणि माझं टाळकं फोडलं म्हणजे?"

"मर्व्ह, दुपारी डॉक्टरीण येतेय. सुई घेऊन."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शिव्या हासडत तो उतरला. आधी एक गुडघा, मग दुसरा. दोन्ही कडकडले. अगदी माझ्यासारखे.

मी पाय वीतभर उचलला. त्याने तो मांडीवर घेतला, पकड चालवली, कानस चालवली. त्याचं टक्कल माझ्या गुडघ्यासमोर होतं. इतका सोपा नेम आयुष्यात मिळाला नव्हता. दुखत होतं, पाय थरथरत होता.

"दमलास? ठेव खाली," मर्व्ह म्हणाला आणि चक्क थांबला. एवढ्या वर्षांत हा माणूस कुणासाठी थांबलेला मी पाहिला नव्हता.

चारही पाय झाले आणि साहेबांना उठता येईना.

"ग्लेनिस, हात दे गं."

"माझा हात धरलास तर दोघंही आडवे होऊ. त्याला धर."

मग त्याने माझा पाय धरला, चारांतला सगळ्यात वाईट. त्यावर सगळा भार टाकून तो आयाळीपर्यंत चढला. कळ मस्तकात गेली. मी हललो नाही.

"उपकार नकोत तुझे," तो पुटपुटला. आयाळ मात्र बराच वेळ सोडली नाही.

डॉक्टरीणबाई आल्या, खूर पाहिले, चहा पिऊन परत गेल्या.

हा हिवाळा मी काढेन, पुढच्याचं बोलत नाही. मर्व्ह येतो, बसतो, शिव्या देतो. मला तो आजही आवडत नाही. पण तुमच्याकडे कुणी आखडलेलं म्हातारं जनावर असेल, नाहीतर माणूस, तर त्याचा पाय आपल्या सोयीने वर ओढू नका. तुम्ही खाली बसा. कंबर मोडेल? मोडू द्या.